करवंटीखालची कुंभारीण

मथुरेचा मारण्या-न मारण्याचा स्वतःचा कायदा होता, आणि तो तिने कुणाला विचारून केलेला नव्हता. डास मारायचा, त्याचं पाप नाही. झुरळाला चप्पल. विंचू दिसला की तिथल्या तिथे ठेचायचा, विचार करत बसायचं नाही, कारण तोही करत नाही. पाल घरचीच. कोळी कोपऱ्यात असेल तर असू दे बापडा, कुणाच्या ताटातलं खातो! मुंग्या डब्याकडे वळल्या तर हळदीची रेघ ओढायची. आणि कुंभारणीला हात लावायचा नाही. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी. भिंतीवर ओल्या मातीचं घर बांधते, आत अंडी घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. घरात पोटुशी बाई असताना हे घर मोडलं तर पोटातलं राहत नाही, असं मथुरेला आईने सांगितलेलं, आईला तिच्या आईने. खरं-खोटं करायला बसतंय कोण?

तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासे विकलेल्या बाईला एवढा कायदा पाळणं काही जड नव्हतं. पण नितेशने, तिच्या मुलाने, तोंडवळी गावातल्या राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी केल्या आणि सगळी पंचाईत झाली. एसी बसला, खिडक्यांना न उघडणाऱ्या काचा बसल्या, आणि मथुरेच्या हातात स्प्रेचा डबा आला. पाहुणे न्याहारीला बसले की खोलीत शिरायचं, श्वास कोंडून कोपरे फवारायचे, मेलेलं सगळं सुपलीत भरायचं. चुकून आत आलेलं फुलपाखरूही काचेला धडका देऊन मरायचं. फुलपाखराचं काय करायचं, हे तिच्या कायद्यात कुठे होतं?

"आये, एक कोळी दिसलो तरी लोक फोटो काढून नेटवर टाकतत गो," नितेश म्हणायचा.

"मग लोकांका सांग, येताना आपापल्यो भिंती घेऊन येवा!"

जीभ अशी चालायची, पण हात फवारत राहायचा. करते काय? मुलाचं पोट त्यावर होतं.

दोन वर्षांपूर्वी असेच पाहुणे यायचे होते. नितेश मागे लागलेला, आणि घाईघाईत मथुरेने पलंगामागचं कुंभारणीचं घर झाडूच्या दांड्याने पाडलं. पाडलं आणि मग आठवलं की सून जान्हवीला तिसरा महिना आहे. चार दिवसांनी जान्हवीला दवाखान्यात नेलं. पोटातलं गेलं होतं. दांड्याची गोष्ट मथुरेने कुणालाच सांगितली नाही. सुनेच्या तोंडाकडे बघायची वेळ आली की काहीतरी काम काढून ती उठून जायची.

आता जान्हवीला पुन्हा दिवस गेलेले, पाचवा महिना. आणि मेली कुंभारीण नेमकी त्याच खोलीत, आरशाशेजारी घर बांधून मोकळी झाली.

"परवा पाहुणे येतत. काढून टाक ता," नितेश म्हणाला.

काढलं तर सुनेचं काय होईल, नाही काढलं तर मुलाला काय सांगायचं? रात्रभर मथुरेचा डोळा लागला नाही. सकाळी तिने अर्धी करवंटी घासून गुळगुळीत केली, वर खोबरेल चोळलं, त्या मातीच्या घरावर उपडी दाबली आणि कडेने पुट्टीने पक्की लिंपून टाकली. स्प्रेचा वास आत जाऊ नये म्हणून एक फटसुद्धा ठेवली नाही. शेजारी अजून दोन करवंट्या लावल्या, शोभेच्या वाटाव्यात म्हणून. आलेल्या पाहुणीने तर त्यांचा फोटो काढला. "काकू, किती छान कल्पना!" मथुरा मान डोलवून हसली. आपल्या अकलेवर ती बेहद्द खूश होती.

जान्हवीला मात्र तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. विहिरीवर नको, बाजारात नको. माहेर वालावलला, रिक्षाने तासा-दीड तासाची वाट. आता जायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलेलं.

"आई, दोन दिवस जावन येतंय. माझी आवस वाट बघता."

"बघांदे. रस्त्यातले खड्डे बघलंस?"

जान्हवी वाद घालायची नाही. मागच्या दाराच्या कडीला हात लावून उभी राहायची, मग आत यायची. मथुरेला ते दिसायचं, जीव तुटायचाही. पण भीती त्याहून मोठी होती.

महिना उलटला. एका सोमवारी खोल्या रिकाम्या होत्या. आता घर रिकामं झालं असेल, मग काढायला दोष नाही, असा हिशेब करून मथुरेने सुरीने पुट्टी उचकटली आणि करवंटी सोडवली.

मातीच्या घराला तीन भोकं होती. तिघी आतून पोखरून बाहेर आल्या होत्या आणि करवंटीच्या पोटात पाय आखडून पडल्या होत्या. पुट्टीवर आतल्या बाजूने बारीक खरवडल्याच्या खुणा होत्या, सगळीकडून.

"अरे माझ्या देवा!" ती ओरडली. माशा उडून जायला वाट लागते, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आवाज ऐकून जान्हवी आली. "काय झाला, आई?"

मग मथुरेला राहवलं नाही. "जान्हवी, गेल्या खेपेक तुझा गेला, ता माझ्यामुळे गेला. ह्याच खोलीत मीया कुंभारणीचा घर मोडलंय. तुका दवाखान्यात नेली तेच्या चार दिवस आदी."

"आई, ता तेच्याही आदी गेलेला. ठोके थांबान आठ दिवस झाले, असा डॉक्टरीण म्हणालेली. तुमका कोणी सांगूक नाय?"

"माका कोण सांगता!"

दोन वर्षं तिने ते ओझं वाहिलं होतं. सुटल्यासारखं वाटण्याऐवजी तिला आधी रागच आला, नितेशचा, सुनेचा, स्वतःचा. मग तिने त्या तीन माशा तळहातावर घेतल्या.

"म्हणजे ता मीया मारूक नाय."

"नाय, आई."

"ह्यो तीन मात्र मीच मारलंय. वाचवतंय, वाचवतंय म्हणान." आणि तिला रडूच फुटलं.

जरा वेळाने तिने पदराने तोंड पुसलं. "नितेशाक सांग, रिक्षा बोलव. वालावलाक जा. बघतंस काय? माझा मन फिरायच्या आदी जा!"

अर्ध्या तासात जान्हवी पिशवी घेऊन निघाली. "येतंय, आई," म्हणाली. खड्ड्यातून रिक्षा उडाली तशी मथुरा दोन पावलं पुढे धावली. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

ती खोलीच्या दारात उंबऱ्यावर बसली. वाळत घातलेले कपडे काढता काढता नितेश ओरडला, "आये, दार लाव गो, किडे येतले आत!"

"येवंदेत," मथुरा म्हणाली, आणि दार उघडंच ठेवून रस्त्याकडे बघत बसली.