टोपलीतले फोन

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि शेजारच्या कोंबडीनं अंडं कुठं घातलं हेसुद्धा मी बायकोला सांगतो, म्हणजे बघा.

रंजूचं गाणं तुम्ही ऐकलंच असेल. न ऐकून जाता कुठं? तालुक्याला मूल गावच्या बसस्टँडवर तेच, राइस मिलमध्ये तेच, वरातीत तर नवरदेव घोड्यावरून उतरून त्याच्यावर नाचतो! 'बापा, तुह्या बोटाले काटा रुतला का?' — अर्धं डोकं भादरलेली, फाटकी पँट घातलेली ती पोरगी ओरडते आणि सारी पोरं तिच्यासोबत आपापल्या बापावर ओरडून घेतात. ती माझी सख्खी भाची. आणि ते गाणं — थांबा, सांगतो. मलाच जड जातंय.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. भाऊजींनी — म्हणजे तिच्या वडिलांनी — त्याआधीच तिच्याशी बोलणं टाकलं होतं. केस कापून, न सांगता नागपूरची गाडी धरली म्हणून. मी मात्र तिच्या बाजूचा. गावभर सांगायचो, गाणं आमच्या घराण्यातलंच! धान निघालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. कित्येक वर्षं आमच्या गावच्या नाटकाचा नायक मीच. मग एका रविवारी रंजू टीव्हीवर म्हणाली, "माहे मामा नाटकात गोळी लागल्यावरही दोन कडवी गायचे. पब्लिक म्हणे, याले अजून एक गोळी मारा!" वर माझी नक्कल केली. परीक्षक खुर्चीतून घसरले. दुसऱ्या दिवसापासून मी काम करतो त्या मिलमधले हमाल मला पाहिलं की छातीवर हात ठेवून पोत्यावर पडायचे आणि — गायचे!

खोटं होतं का? नव्हतं. म्हणूनच तर लागलं.

आमच्या गावात नेटवर्क येतं ते फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे त्याच्या उंच बांधावर. शेवटच्या फेरीला मत द्यायचं तर एका नंबरावर मिस्ड कॉल मारायचा. पण धानाची रोवणी चालू, सगळे चिखलात. मग ठरलं — साऱ्यांचे फोन टोपलीत घालून मी पाळीवर न्यायचे आणि एकेकावरून कॉल मारायचा. शिकलेला माणूस ना मी!

निघालो तर भाऊजी बांधावरून आडवे आले. दुपट्ट्यात गुंडाळलेला फोन टोपलीच्या तळाशी सारला. "माह्यावरूनही मारजो. पण तिले सांगू नोको." एवढंच. परत चिखलात उतरले.

पाळीवर मोहाच्या झाडाखाली टोपली ठेवली, बसलो. आणि — एकही कॉल मारला नाही. एकही! फोन हातात घ्यायचो, पोत्यावर पडणारे हमाल आठवायचे, फोन ठेवून द्यायचो. खिशातले फुटाणे संपेपर्यंत हेच. खाली येऊन म्हटलं, "झालं, साऱ्यांचं झालं." बायांनी चिखलाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

रंजू हरली. आमच्या टोपलीभर मतांनी जिंकली असती का? नसती. पण हे मला आज कळतं. त्या दिवशी पाळीवर मी ती हरावी म्हणूनच बसलो होतो.

मंचावर फुलांचा गुच्छ फेकून ती म्हणाली, "मी हरली नाई, तुमाले समजली नाई!" तिथून तिचं नाव झालं. दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलो तर तिचा फोन. टोपलीचं तिला गावातून कळलेलं. एकच प्रश्न — "मामा, टोपलीत बाबानं देला का फोन?"

एक 'हो' म्हणायला किती श्वास लागतो? मेल्यावर दोन कडवी गाणारा माणूस मी! म्हणालो, "तुह्या बाबाचं तुले ठाऊकच आहे, बाई." भाऊजींनी सांगू नको म्हटलं होतं, मी शब्द पाळला — असंही स्वतःला सांगून पाहिलं. माझं मलाच हसू आलं.

मग ते गाणं आलं. आता ती मुलाखतीत सांगते, साऱ्या गावानं मत दिलं, एका बापाचंच बोट उठलं नाही. आणि वर — मामा तेवढा माझ्या बाजूचा होता! दरवेळी टीव्ही फोडावासा वाटतो. पण टीव्हीचा काय दोष?

बाप आधीच बोलत नव्हता; त्या दिवसापासून लेकही बोलत नाही.

परवा चामोर्शीला वरातीत तेच गाणं लागलं. भाऊजी माझ्या शेजारी उभे. ओळखीची पोरं त्यांच्याकडे बोट दाखवून नाचत होती. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग दुपट्ट्यानं तोंड पुसत म्हणाले, "आवाज चांगला आहे पोरीचा." दुपट्टा खांद्यावर टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तवा माह्यावरून मारला होता ना रे बा?"

मी म्हटलं, "सगळ्यात पयले तुमचाच मारला, भाऊजी."