इंदूने न केलेला नवस

बुढापारा मोहल्ल्यात फॉल-पिकोचं दुकान चालवणारी इंदू कुणाला भिणारी बाई नाही. गिऱ्हाईक फारच घासाघीस करू लागलं तर ती साडी घडी करून हातात परत देते आणि पुढच्या बाईकडे वळते. तरीही या बाईने आयुष्यातली उमेदीची वर्षं एक खोटं सांभाळण्यात घालवली. खोटं मुळात तिचं नव्हतंच, तिच्या नवऱ्याचं होतं.

त्यांची मुलगी गंधाली सहा वर्षांची असताना तिला ब्लड कॅन्सर झाला. नवरा अच्युत पाटबंधारे खात्यातला कारकून, साहेबासमोर कधी तोंड न उघडलेला, पण त्या दिवशी घरात त्याने हुकूम काढला: हा शब्द उंबरठ्याबाहेर जायचा नाही. त्याला तरी एकट्याला काय बोलणार? पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलाला असाच आजार झाला, तेव्हा लोकांनी आपली पोरं त्याच्याजवळून ओढून नेली होती आणि त्याच्या मावशीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. म्हणून इंदू मुलीला घेऊन नागपूरच्या इस्पितळात राहिली आणि पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगितलं गेलं, माहेरी गेलीय. गंधालीचे केस गळाले, तेव्हा अच्युतने ठोकून दिलं की डोंगरगडच्या देवीला नवस होता, तिथे केस वाहिले.

पोरगी बरी झाली आणि पुढचं काम पाऱ्याने आपणहून केलं. देवीने वाचवलेली पोट्टी म्हणून नवरात्रातल्या कन्याभोजनात पहिले पाय गंधालीचे धुतले जाऊ लागले. इंदू ते बघायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. उलट्या करून करून पोर अर्धी झाली होती, सुयांनी हातांची चाळण झाली होती, डॉक्टर-नर्सांनी जिवाचं रान केलं होतं, आणि नाव कुणाचं, तर न केलेल्या नवसाचं. देवीवर तिचा राग नव्हता. देवीला या खोट्यात ओढलं, याचा होता.

यंदा चैत्रातल्या अष्टमीला सकाळीच पुरानी बस्तीतली पायल दुकानात आली. हातात साडी नव्हती आणि डोळे रडून सुजले होते. तिच्या चिमुकल्या निधीला डॉक्टरांनी तोच आजार सांगितला होता. आजच्या आज भरती करा म्हणाले होते, पण सासऱ्यांनी, गुलाबरावांनी, नातीला घरी परत आणलं होतं.

"काकी, मले फक्त इतकं सांगा," पायल म्हणाली, "नवस बोलून मग केस काढायचे, का आधी काढायचे? बाबूजी म्हणून राहिले, तुमची गंधाली देवीनंच बरी केली, तर आपली बी होईल."

इंदूने कात्री खाली ठेवली. आपण इतकी वर्षं जपलेलं खोटं आता दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर उठलंय, हे तिला लख्ख कळलं. असला कुठला नवस नव्हताच, हे तिने पायलला तिथेच सांगितलं. पायल म्हणाली की हे बाबूजींनी ऐकलं तरच उपयोग, त्यांच्यापुढे घरात कुणाचं चालत नाही.

इंदू घरी गेली. गुलाबरावांना खरं सांगायला चालले, म्हणाली, तर अच्युतने अक्षरशः हात जोडले. गंधालीला बघून पसंत करून गेलेले दुर्गचे लोक रविवारी सुपारी फोडायला येणार होते. निदान तेवढं होऊ दे, मग बोल, म्हणाला.

"निधीचं रक्त तुमच्या रविवारसाठी थांबून राहिलं आहे का?" इंदूने विचारलं. तेवढ्यात आतून गंधाली चपला घालूनच बाहेर आली. "मम्मी, चलो," ती म्हणाली. "मैं भी आऊँगी."

गुलाबरावांकडे कन्याभोजनाची पंगत बसली होती. पोरींमध्ये निधीही होती, चेहरा पांढराफटक, हातात पुरी. गंधाली आता मोठी झालेली, तरी गुलाबरावांनी तिच्यासाठी मानाचा पाट मांडला आणि पाय धुवायला परात पुढे केली. गंधालीने पाय मागे घेतले. कुर्त्याचा गळा जरा बाजूला सारून तिने गळ्याखालची खूण दाखवली. ती झोक्यावरून पडल्याची आहे, असंच सगळ्या पाऱ्याला माहीत होतं.

"दादाजी, मैं झूले से नहीं गिरी थी," ती म्हणाली. "दवा यहीं से जाती थी."

गुलाबराव भडकले. देवीच्या दिवशी तिच्या नवसाला खोटं म्हणता, असं त्यांनी इंदूला सुनावलं. इंदू पदर खोचून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"नवस नव्हताच, गुलाबरावजी. कॅन्सर होता, औषधानं गेला. देवीले हात जोडायचे तर इस्पितळातून जोडा, ती तिथं बी ऐकते."

गंधालीशेजारी उभ्या असलेल्या एका बाईने आपल्या मुलीला हळूच दुसऱ्या बाजूला घेतलं. इंदूने ते पाहिलं. तिने नजर खाली केली नाही.

पायल स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसले, निधीला पाटावरून उचललं आणि नवऱ्याला स्कूटर काढायला सांगितली. आधी पूजा तर होऊ द्या, असं गुलाबराव म्हणाले, पण आता त्यांच्या आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

"पूजा हो गई, बाबूजी," पायल म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

निधी त्याच दुपारी भरती झाली. संध्याकाळी इंदू दुकान आवरत होती, तर अच्युत फोन घेऊन घाईघाईने आला. दुर्गहून मुलाची आई होती. कुणीतरी तत्परतेने तिथवर बातमी पोहोचवली होती, आणि ती बाई दबक्या आवाजात विचारत होती की लोक बोलतात ते खरं आहे का. अच्युतने खुणेने विनवलं, आत जाऊन बोल, दार लाव.

इंदू दाराबाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिली.

"खरं आहे, ताई. कॅन्सर होता," ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पोरगी बरी झाली. पटत असेल तर रविवारी या. नसेल, तर पोहे आमचे आम्ही खाऊ."