रूपरावजींची बंडी मागे सरत नाही

केळझरहून तीन-चार मैल आत असलेल्या त्या गावात मी बहात्तर साली मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला दोन सल्ले मिळाले. विहिरीचं पाणी उकळून प्या, आणि पांदणीत रूपरावजी भोयरांच्या समोर जाऊ नका.

पांदण म्हणजे गावापासून डांबरी सडकेपर्यंत काटेरी कुंपणांमधून जाणारी गाडीवाट. रुंदी एका बंडीपुरती. दोन बंड्या समोरासमोर आल्या तर रिकामीने मागे सरायचं आणि भरलेलीला जाऊ द्यायचं, असा रिवाज होता. रूपरावजी सोडून सगळं गाव तो पाळत असे. समोरून बंडी दिसली की हे महाशय शांतपणे खाली उतरायचे, बैल सोडायचे, कुंपणाच्या खिंडारातून त्यांना पलीकडे हाकलायचे आणि बंडीखाली घोंगडी अंथरून आडवे व्हायचे.

"मी त सरलो असतो न भाऊ मांगं," अगदी कळवळून सांगायचे, "पण बैलच नाईत. आता मी काय करू?"

समोरचा चार शिव्या हासडायचा, पण करणार काय? ज्याला मागे सरताच येत नाही त्याच्याशी भांडून वाट मिळत नाही. शेवटी तो स्वतःची भरलेली बंडी रेटत मागे न्यायचा. वाट मोकळी झाली की रूपरावजी दोन बोटं तोंडात घालून शीळ मारायचे आणि बैल धावत हजर! मी वर्गात पोरांना बेरजा शिकवत होतो; पण आपलेच हात बांधून दुसऱ्याला नमवायचं, ही विद्या माझ्या कुठल्याच क्रमिक पुस्तकात नव्हती. त्यातही लबाडी अशी की हात बांधलेले नसायचेच. शीळ मारली की गाठ सुटायची. मला त्यांचा राग यायचा आणि हसूही यायचं.

रूपरावजींची थोरली जयवंता मॅट्रिक झाली, माझ्या हाताखालची पहिली मुलगी. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात वर्ध्याच्या अध्यापक विद्यालयातून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. दहा वाजता हजर नसाल तर जागा दुसऱ्याला, असं त्या कार्डावर छापलेलं होतं. एस.टी. सडकेवर आठला यायची, नंतरची थेट दुपारी. रूपरावजींनी दमणी, म्हणजे माणसं बसायची हलकी बंडी, जुंपली, तिच्यात गादी घातली आणि सोबत शिकलेला माणूस असावा म्हणून मलाही घेतलं.

अर्ध्या पांदणीत समोरून बंडी आली. पऱ्हाटीने, कापसाच्या वाळलेल्या झाडांनी, शिगोशिग भरलेली, आणि वर देवकाबाई. ही विधवा बाई स्वतःची शेती स्वतः वाहायची. रूपरावजींनी तिला आजवर चारदा मागे सरायला लावलं होतं. चौथ्यांदा तिच्या बंडीचा आस मोडला होता.

माझ्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. सडक कोसभर लांब. मी म्हटलं, "रूपरावजी, आज सरा. ती भरलेली आहे."

"माह्यी रिकामी आहे काय? पोरगी बसली न अंदर," असं म्हणत ते उतरले आणि सवयीने बैल सोडून, खिंडारापलीकडे हाकलून मोकळे झाले.

देवकाबाईंनी ते नीट पाहिलं. मग त्याही उतरल्या, आपले बैल सोडले, बंडीतून सरकीची टोपली काढली आणि खिंडारापलीकडे आपल्या शेतात नेऊन ओतली. चारही बैलांनी तिच्यात तोंड घातलं. बाई परत येऊन चाकाला टेकून बसल्या आणि त्यांनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली.

"मीबी सरली असती न भाऊ मांगं," त्या म्हणाल्या, "पण बैलच नाईत."

मला इतकं हसू आलं की मी कुंपणाकडे तोंड फिरवलं.

दहा मिनिटं गेली. दोघंही आभाळाकडे बघत होते. आपल्याला घाई आहे हे एका अक्षरानेही रूपरावजी बोलेनात. घाई दिसली की डाव गेला, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार! मी तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात दाबला. शेवटी त्यांनी हळूच शीळ मारली. बैलांनी कानसुद्धा हलवला नाही. मोठ्याने मारली, तरीही नाही. घरी कडबा खाणाऱ्या जनावरांना सरकी मिळाल्यावर शीळ कुठली ऐकू येते! रूपरावजींचा चेहरा उतरला. आयुष्यभर खोटं बोललेलं आज खरं झालं होतं.

तेवढ्यात दमणीतून जयवंता उतरली.

"देवकामाय, माह्यी वर्ध्याले मुलाखत आहे. आठची मोटार पकडाची आहे मले."

देवकाबाई ताडकन उठल्या. "अवं बाई! मले काऊन नाई सांगतलं? मुकाट बसून राह्यले हे! थांब, बैल आनतो मी."

"तुमचं दोघाईचं चालू द्या," जयवंता म्हणाली.

तिने चपला हातात घेतल्या, कागदांची पिशवी छातीशी धरली आणि बंडी व कुंपण यांच्यामधल्या वीतभर जागेतून अंग चोरून निघाली. पऱ्हाटीत पदर अडकून टर्रकन फाटला. ती थांबली नाही. पलीकडे गेल्यावर पळत सुटली. बापाकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

जयवंताबाई आज सेलूच्या शाळेत शिकवतात, तेव्हा मोटार मिळाली का याची काळजी तुम्ही करू नका. पण त्या सकाळी आम्हा तिघांनाही ते ठाऊक नव्हतं. देवकाबाई डोळे पुसत होत्या. मलाही माझीच लाज वाटत होती. मीही तिला सामान समजून बसलो होतो. तिलाही पाय आहेत, हे त्या पांदणीत फक्त तिला सुचलं होतं.

रूपरावजी उठले. त्यांनी रिकामं जू दोन्ही हातांनी उचललं, पोटाला लावलं आणि दमणी मागे रेटायला लागले. बैलांशिवाय. मागे वाट रुंद होते ते हिवराचं झाड दोनशे पावलांवर होतं. दहा पावलांत त्यांचा सदरा घामाने भिजला. देवकाबाईंनी एका चाकाला हात घातला, मी दुसऱ्याला.

"रूपरावजी," मी धापा टाकत म्हटलं, "ती तर गेली. आता मागे सरून काय उपयोग?"

ते थांबले नाहीत, मान वर केली नाही.

"सांजच्याले वापस येईन न ते, गुरुजी," ते म्हणाले. "वाट मोकळी पायजे तिले."