उतरणीची चाल

आमच्या हणमंत भावजींची बोटं शेण काढायची अन् पियानोबी वाजवायची, असं सांगितलं की लोकं हसत्यात. हसा बापडे! पानशेतच्या पाण्याकाठी पुण्यावाल्यांचा एक बंगला हाय, त्याची राखण माझ्या ह्या धाकट्या दिराकडं. मालक कधीमधी येणार. एरवी त्या घरात भावजी, एक कुत्रं अन् तो काळा पियानो. पट्ट्या पुसता पुसता त्यांना नाद लागला. शिकवलं कुणी न्हाई, मनात येईल ते वाजवायचे. हिकडं म्हस धारंला तटून उभी अन् ह्यो बाबा तिकडं टुणटुण करत बसलेला. लई राग यायचा मला. पण खोटं कशाला बोलू, एकदा भाकरी घेऊन गेले अन् दारातच उभी राहिले. त्या पियानोतनं आमच्या भैरवनाथाचा ढोल निघत होता.

मालकाची लेक प्रेरणा. तिनं आपला जुना टॅब भावजींना दिला अन् शिकवूनबी ठेवलं. तुमी पियानो वाजवायचा, ती काच ऐकणार. मग बोटानं हितं दाबलं, तितं वडलं की तीच चाल नगारे, सनया, सारंग्या मिळून वाजवायला लागत्यात, जणू गावजत्रेएवढी माणसं आत बसल्यात. "वयनी, ऐका तर," म्हणत भावजींनी एक दिवस घरी आणून देवाची हाक लावली. अगं बाई! अंगावर सरसरून काटा आला. अन् तेवढ्यात माझं ध्यान मामांच्या पायाकडं गेलं. चुलीपुढं बसलेल्या मामांची टाच जमिनीवर आपटत होती.

मामा म्हंजे माझे सासरे, गेनबा. आमच्या देवाचं झाड. जत्रेत भैरवनाथाचं वारं येतं ते त्यांच्याच अंगात. ढोलावर आदी हाकेची चाल वाजते, वारं येतं, मामा नाचत्यात. वाजवणाऱ्याची नजर सारखी त्यांच्या पायावर. पाय अडखळला की चाल बदलून उतरण धरायची, मग वारं हळूहळू निवतं. मधीच वाजणं तोडायचं न्हाई, तोडलं तर झाड जागीच कोसळतं. अन् उतरण रिकाम्या घरात कधीच वाजवायची न्हाई. ती वाजते झाडापुढं, न्हाईतर झाड गेल्यावर त्याच्या तिरडीपुढं.

त्यातनं भोरच्या डॉक्टरनं बजावलेलं, म्हाताऱ्याचं काळीज थकलंय, आता नाचलात तर जीव जाईल. मामा त्यालाच म्हणाले, "माझ्या हातात हाय व्हय ते?"

म्या त्याच दिवशी भावजींना दम दिला, "ही हाक परत मामांच्या कानावर घालायची न्हाई. जिवाशी खेळ हाय."

चैत्रात जत्रा आली. ढोलवाले समदे, माझे धनीबी, मेंढरं घेऊन खाली सारोळ्याकडं गेलेले. एकट्या ढोलावर हाक उठत न्हाई. मला वाटलं, बरंच झालं, औंदा मामा वाचले. तर भावजी टेम्पोतनं बंगल्यातला स्पीकर घेऊन हजर! म्या भांडले, हात जोडले. मामाच म्हणाले, "चंद्रा, देव काय बोलावल्याबिगर राहतोय? वाजव रं."

वाजलं. समदी वस्ती थरारली, शेरडं दावी तोडायला लागली. मामा असे नाचले, असे नाचले, की म्हाताऱ्या बायांनी तोंडावर पदर घेतला. गाणं संपलं तसं पुन्यांदा पहिल्यापास्नं लागलं. मग मामांचा पाय अडखळला. म्या वरडले, "भावजी, उतरण!"

भावजींनी काचेवर बोट नेलं अन् पांढरेफटक पडले. उतरण त्यात न्हवतीच. रिकाम्या बंगल्यात ती कशी वाजवणार? रीत पाळली होती त्यांनी. अन् त्या काचंला मामांचे पाय थोडेच दिसत होते. ती आपली हाका मारतच होती.

भावजींनी टॅब माझ्या हातात कोंबला अन् देवळातला ढोल गळ्यात घातला. वाजवायला लागले, पण स्पीकरपुढं त्यांचा ढोल कुणाला ऐकू येतोय! "बंद करा, वयनी!" मी दाबतेय, पुसतेय, पुन्हा दाबतेय. माझी बोटं भंडाऱ्यानं माखलेली, काच काय ऐकंना. शेवटी स्पीकरची वायरच हासडली.

मग एकटा ढोल ऐकू आला. मामा थांबले. लेकाकडं बघितलं, लई मायेनं बघितलं, अन् अल्लाद खाली बसले. भावजी डोळं मिटून वाजवतच होते. म्या मामांच्या नाकापुढं हात धरला. झाडापुढची उतरण कवा संपली अन् तिरडीपुढची कवा लागली, वाजवणाऱ्यालाबी कळलं न्हाई.

टॅब भावजींनी परत दिला. पण चाल प्रेरणाकडं राहिली, तिला बिचारीला काय ठावं? शनिवारी बंगल्यावर पाव्हणे आले की ती तीच लावते, अन् पाण्यावरनं हाक वर येते. भावजी जेवत असत्यात. घास हातातच राहतो, अन् टाच जमिनीवर आपटायला लागते.

म्या ढोल देवळातनं घरी आणलाय. बाईनं ढोलाला शिवायचं न्हाई म्हणत्यात. म्हणू द्या. उतरण अजून नीट बसली न्हाई माझ्या हातात.