नळीतलं कडं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. सुनंदाला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आम्ही नुकतेच वाशीला, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नव्हतं. सुनंदाचा भाऊ जहाजावर होता. त्यानं बाहेरून एक खोकं आणून दिलं — दिवस गेलेत का, ते घरच्या घरी तपासायचं. काचेची नळी, तिच्याखाली तिरपा आरसा. सकाळची लघवी औषधात मिसळायची आणि नळी दोन तास जराही हलू द्यायची नाही. तळाशी तपकिरी कडं दिसलं तर दिवस गेलेत. नाही तर नाही.

सोबतचा इंग्रजी कागद मी पुन्हा पुन्हा वाचला. असल्या बाबतीत मी काटेकोर — निदान सगळे तसं म्हणतात. नळी कपाटावर ठेवली आणि सुनंदाला बजावलं, जवळ फिरकायचंसुद्धा नाही.

"अहो, नळी आहे की पाळण्यातलं पोर? जागं होईल का काय!" ती हसली. "लांबून तरी बघू?"

मी ओरडलो तिच्यावर. ती निमूट आंघोळीला गेली.

आणि मग मीच उचलली. का? आरशात काहीतरी गोल दिसत होतं, पुसट. मला खात्री हवी होती. उजेडात बघावं म्हणून खिडकीशी नेली — नेता नेता ते गोल मोडलं, सगळं गढूळ झालं.

सुनंदा केस पुसत बाहेर आली. "माझ्या हातून हलली," एवढंच म्हणायचं होतं. पण नुकताच ओरडलो होतो ना, कोणत्या तोंडानं म्हणणार?

मी म्हणालो, "नाही."

नाही म्हटल्यावर ती कशाला जपेल? त्या दिवसांत पाणी वर चढत नव्हतं. ती खालच्या टाकीवरून बादल्या आणत राहिली. मी बघत होतो. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येऊ, एवढं तरी म्हणावं? तेही म्हणालो नाही — त्यांनी नळीचं विचारलं असतं तर?

पुढच्या आठवड्यात रक्त गेलं. दिवस गेलेले होते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बादल्यांमुळेच मूल गेलं का? तसं त्या म्हणाल्या नाहीत. पण सुनंदा तेच धरून बसली. "मला कळायला नको होतं?" रोज तेच. मी काय म्हणालो? "परदेशी वस्तूही चुकतात." एवढंच. त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही. आणि दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं.

परवा तिची भाची आली होती, दिवस गेल्याचं सांगायला. सुनंदानं तिला जवळ बसवलं. "बादली उचलू नकोस गं. मी उचलली. माझंच चुकलं."

मी समोरच बसलो होतो. भाचीनं माझ्याकडे बघितलं — मावशीची समजूत काका घालतील म्हणून.

मी सुनंदाला चहा टाकायला सांगितला. ती उठली.