मॅट्रिकचा फॉर्म आणि नवी चुंबळ

अकरावीच्या चाचणी परीक्षेत मी इंग्रजीत नापास झाले. त्या काळी अकरावी म्हणजेच मॅट्रिक. चाचणीत जो नापास होई, त्याचा बोर्डाचा फॉर्म शाळा भरत नसे. फॉर्म नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि आमच्या घरात परीक्षा नाही म्हणजे शाळाच नाही.

आमचं घर दांडीला, समुद्रकाठच्या कोळीवस्तीत. वडील होडीवर तांडेल होते. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं हे ते ठरवत. घरात वाचता येणारी मी एकटी. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हाच वडील जेवताना म्हणाले होते, "फॉर्म गेला तर मॅट्रिक दे. नाय गेला तर आयची टोपली हाय." एवढंच. त्यांनी आवाज चढवला नव्हता. आईचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून सुजत होता. सुकी मासळी डोक्यावर घेऊन ती बोयसरच्या बाजारात जायची. मदतीला असलेली थोरली बहीण लग्न होऊन माहीमला गेली होती. त्यामुळे टोपलीचं बोलणं धमकी नव्हतं, ती घराची गरज होती. म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटे. धमकीवर रुसता तरी येतं.

आमचे इंग्रजीचे सर उमरोळीहून येत. बोयसरपर्यंत गाडीनं, पुढे सायकलवर. त्यांनी सगळ्यांचे पेपर वाटले आणि माझा शेवटी हातात ठेवला. एका प्रश्नात वाक्यांच्या दहा जोड्या होत्या. प्रत्येक जोडीत योग्य शब्द घालून त्यांचं एक वाक्य करायचं होतं. अँड, बट, सो, बिकॉज, ऑलदो, अनलेस... यादी मला तोंडपाठ होती. मी पहिल्या जोडीला पहिला शब्द लावला, दुसरीला दुसरा, आणि तशीच दहापर्यंत गेले. एका वाक्यात माणूस जेवला होता म्हणून त्याला भूक लागली होती.

"हे काय केलंस?" सरांनी विचारलं.

"जोडली, सर."

"जोडली नाहीस. पत्ते वाटलेस. एक तुला, एक मला."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "अगं, ही दोन वाक्यं एकमेकांना काय म्हणतायत, ते वाचलंस का तू?"

मी खरंच वाचलं नव्हतं. वाक्यं एकमेकांना काही म्हणतात हेच मला ठाऊक नव्हतं. इंग्रजी ही माझ्या लेखी पाठ करायची आणि उतरवायची गोष्ट होती. सहा-सात वर्षांची असल्यापासून मी आईबरोबर बोंबील वाळत घालत होते. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या बांबूवर टाकायची. हात आपोआप चालतात, डोकं दुसरीकडे असतं. तो पेपर मी तसाच सोडवला होता.

सर मला घेऊन हेडसरांकडे गेले. हेडसर घाटावरचे, शिस्तीचे. त्यांनी पेपर उलटसुलट पाहिला. सर म्हणाले, "बाकी विषयांत पहिल्या पाचात आहे, सर." हेडसर म्हणाले, "बाकी विषयांवर बोर्ड पास करत नाही." मग बोलले, "पुढच्या मंगळवारी तीन वाजता मी स्वतः तोंडी परीक्षा घेईन. दहा जोड्या. सहा आल्या तर फॉर्म जाईल. बुधवारी सकाळी गठ्ठा पालघरला निघतो. पालकांना बरोबर आण, सही लागेल. त्यानंतर मला काही विचारायचं नाही."

सरांनी रोज शाळा सुटल्यावर तासभर थांबायचं कबूल केलं. दोन दिवस थांबलेही. उशीर झाला की त्यांची परतीची गाडी चुकायची, पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वेणी घालत होते तेव्हा आई म्हणाली, "आज बोयसरला चल माज्यासंगती."

"आये, शाळा हाय. सर थांबनारेत माज्यासाठी."

"गुडगा वाकत नाय. टोपली उतरवंल कोन?"

आणि तिनं माझ्या हातात चुंबळ दिली. नवी. माझ्या जुन्या निळ्या परकराच्या पट्ट्या घट्ट पिळून, गोल करून, वरून दोऱ्यानं शिवलेली. अशी चुंबळ एका सकाळी होत नाही, त्याला चार-पाच संध्याकाळी लागतात. म्हणजे माझा निकाल लागायच्या आधीपासून ती शिवत होती. टोपली डोक्यावर घेतली. चुंबळ माझ्या डोक्याला अगदी बरोबर बसली, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

बोयसर तेव्हा बदलत होतं. वीज प्रकल्पाचं काम सुरू झालं होतं आणि कुठून कुठून माणसं आली होती. स्टेशनजवळच्या बाजारात हिंदी ऐकू येई. देशावरच्या बायका नाकाला पदर लावून सुकी मासळी बघत आणि तरीही घेत. मी आईच्या मागे बसून मनात यादी म्हणत होते. चार दिवस उरले होते आणि त्यातला एक इथे चालला होता.

एक बाई वाकून म्हणाली, "मावशी, हे जुने दिसतायत हो."

"जुने असते तर वास आला असता, बाय."

"वास तर येतोच आहे!"

"तो माजा हाय, बोंबलाचा नाय."

बाईला हसू आवरेना. तरी ती म्हणाली, "पण किती बारीक आहेत."

"बारीक हायेत म्हनून तर कुरकुरीत होतात. मोटे घेशील तर तेल पितील."

"ती पलीकडची स्वस्त देते."

"देते ना. पन वाळूत वाळवते ती. तुला दात हायेत तवर घे तिच्याकडून."

बाईनं दोन वाटे घेतले. मागून एक कामगार आला. "मौसी, कुछ कम करो." आईला हिंदी येत नव्हती, पण त्यानं तिचं काही अडत नसे. "तू जादा लेगा तो मी कम करेगी. थोडा लेगा तो कायको कम?"

माझी यादी थांबली होती. ती कुठल्या शब्दावर थांबली हे मला आठवेना.

दुपारी आई म्हणाली, "आता तू इक." ती पाय लांब करून गुडघा चोळत बसली. एक बाई आली, तिनं बोंबील हातात घेऊन मोडून पाहिला आणि म्हणाली, "खारट असतील." मी म्हणाले, "हे चांगले आहेत. आम्ही घरी वाळवले आहेत." बाईनं बोंबील खाली ठेवला आणि पुढे गेली.

"मुकी बरी तुज्यापरास," आई म्हणाली.

"बोलले की मी!"

"बोललीस आनि सोडून दिलंस. ती काय म्हनाली? खारट. मग तितून उचल. तिच्या बोलन्याला धर. तुजं तू बोलून काय उपेग?"

सर वर्गात हेच विचारत होते. परतीच्या वाटेवर मी चाचणीच्या पेपरातली वाक्यं आठवून काढली आणि दोन बायका एकमेकींसमोर उभ्या केल्यासारखी बघू लागले. ही असं म्हणाली, मग ती काय म्हणेल? भांडेल, की कारण सांगेल, की अट घालेल? दहातल्या चार-पाच जोड्या तरी आपोआप बोलायला लागल्या. बाकीच्या गप्प होत्या.

आईनं मला आणखी दोनदा नेलं. एकदा रविवारी, एकदा सोमवारी. सोमवारी मी रडले. उद्या परीक्षा, आणि सर शाळेत माझी वाट पाहत असणार. आई म्हणाली, "रडाया वेळ हाय, चालाया नाय?" आणि पुढे झाली. बाजारात मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वाक्यामागे मनात इंग्रजी शब्द लावत बसले. ओठ हलत असावेत. "काय पुटपुटतेस?" आई म्हणाली, "लोकं समजतील मंतर घालतेस मासळीवर." त्या दिवशी मी तीन वाटे विकले. आईच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तिची नवी विक्रेती तयार होत होती.

मंगळवारी वडील होडीवर होते. आई बोयसरहून परस्पर शाळेत आली आणि रिकामी टोपली शेजारी ठेवून व्हरांड्यात बसली. आत हेडसर, इंग्रजीचे सर, कारकून आणि मी. टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा सुतळीनं बांधायला तयार होता.

हेडसर दोन वाक्यं वाचत आणि माझ्याकडे बघत. पहिल्या तीन आल्या. चौथीला मी घाईनं बोलले आणि चुकले. पाचवी चुकली. सहावी, सातवी आली. आठवीत एक शब्द असा होता की त्याचा अर्थच मला माहीत नव्हता. दोघांपैकी एक जण काय बोलतोय हे कळत नसेल तर दुसरा काय उत्तर देणार? ती गेली. नववीही गेली. पाच आल्या होत्या, चार गेल्या होत्या. सर खिडकीबाहेर बघत होते.

हेडसरांनी दहावी वाचली. तो लवकर स्टेशनवर पोचला. त्याला गाडी मिळाली नाही.

हेडसरांनी घड्याळ पाहिलं. मी मनात पहिलं वाक्य आईच्या समोर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडी घातलं आणि दुसरं आईच्या. लवकर पोचला म्हणतेस? पोचला गं, तरीपन नाय मिळाली. मी ऑलदो लावून वाक्य म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, जवळजवळ बाजारातल्या आवाजात.

हेडसर म्हणाले, "क्रियापद चुकलं."

"जोड बरोबर आहे, सर," इंग्रजीचे सर वळून म्हणाले.

"क्रियापद चुकलं आहे."

"प्रश्न जोडण्याचा आहे, सर."

मी त्या सरांना त्याआधी किंवा नंतर कधी हेडसरांपुढे दोनदा बोलताना पाहिलं नाही. हेडसरांनी पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि कागदावर सहाचा आकडा लिहिला. "पालकांना बोलवा."

आई टोपली डोक्यावर घेऊन दारात उभी राहिली. हेडसर म्हणाले, "फॉर्म भरायचा आहे. तुमची संमती हवी."

आई उंबऱ्यातच थांबली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अजून काहीच संपलेलं नाही. हेडसर झाले, सर झाले. आता मला थांबवू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, आणि तिच्या डोक्यावर टोपली होती.

"भरला म्हंजे परिक्षा होईस्तवर ती बाजाराला येनार नाय?" तिनं विचारलं.

"अभ्यास करावा लागेल तिला."

"आनि पास झाली तर?"

"तर पुढे कॉलेज, तुमची इच्छा असेल तर."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडेच बघत होते. डोळे खाली घालायला हवे होते, पण घालता आले नाहीत. मग तिनं अंगठा लुगड्याला पुसला. "आंगटा कुटं देऊ?"

कारकुनानं शाईचा पॅड पुढे केला आणि नाक आकसलं. "वास लागेल हो फॉर्मला."

"लागू दे. बोर्डाच्या सायबाला कळू दे कुटनं आलाय."

इंग्रजीचे सर हसले. हेडसरसुद्धा.

घरी जाताना मी टोपली घ्यायला हात पुढे केला. आईनं ती आपल्याच डोक्यावर घट्ट धरली. "नको," ती म्हणाली, "सवय लागंल." ती लंगडत पुढे चालली आणि मी दोन पावलं मागे.

मी मॅट्रिक झाले, पुढे बी.ए. झाले. आमच्या वस्तीत ते पहिलंच होतं, म्हणून लोकांनी नारळ देऊन माझा सत्कार केला. भाषणात मी सांगितलं की सरांनी मला व्याकरण शिकवलं, पण वाक्यं कशी जोडायची हे आईनं बोयसरच्या बाजारात शिकवलं. त्यासाठीच ती मला तिथे घेऊन गेली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आई माझ्याआधीच सत्कारावरून घरी परतून तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "खोटं कशाला बोललीस?"

"काय खोटं?"

"तुला टोपली शिकवाया नेलं व्हतं मी. मला वाटलं व्हतं, तू नापासच व्हशील."

तिनं दोन खडे बाजूला टाकले.

"मग अंगठा का दिलास?"

"दिला," ती म्हणाली. "तू बगत व्हतीस ना माज्याकडं."

आणखी सहा वर्षं ती एकटीच बोयसरला जात राहिली, गुडघा पार बसेपर्यंत. सर वारले तेव्हा मी उमरोळीला जाऊन आले, पण जे सांगायचं ते त्यांना जिवंतपणी सांगितलं होतं. आईला सांगायचं मात्र राहून गेलं. तिच्यासमोर कृतज्ञतेचे शब्द काढले की ती उठून कामाला लागायची.

ती निळी चुंबळ पुन्हा कुणी डोक्यावर घेतली नाही. पाण्याचा माठ डुगडुगतो म्हणून आईनं ती त्याच्याखाली ठेवली. कायम ओली असायची, तरी शिवण उसवली नाही.