मोठ्या आईची टाकी आणि तांब्याचा हंडा

आज पहाटे मोठी आई गेली.

टाकीतले मासे सगळे जिवंत आहेत.

दुसरी ओळ खास तिच्यासाठी लिहिली. तिला पहिलीपेक्षा तीच महत्त्वाची वाटली असती.

मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची, वडिलांच्या थोरल्या भावाची, बायको. भंडाऱ्यात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान, वर घर. ती माहेरची एकोडीची. तिच्या वडिलांच्या धानाच्या शेताला लागून बोडी होती, पावसाचं पाणी साठवणारं लहानसं तळं, आणि तिच्या लहानपणीची प्रत्येक गोष्ट त्या बोडीच्या काठावर सुरू व्हायची.

लग्न होऊन आली ती अशा घरात, जिथे पाणी फक्त नळाला. तेही आलं तर.

मग जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि आमच्या भाडेकरू साहेबांची बदली नव्या गोंदिया जिल्ह्यात झाली. सामान ट्रकमध्ये गेलं. काचेची एक रिकामी टाकी मागे राहिली.

मोठी आई म्हणाली, "हे मले पाह्यजे."

तिने स्वतःसाठी काही मागितलेलं आम्ही कोणीच कधी ऐकलं नव्हतं. मोठे बाबा इतके चक्रावले की हो म्हणून बसले.

मासे नागपूरहून आणले. दुकानदाराने बजावलं होतं, नळाचं पाणी थेट टाकायचं नाही, त्यात क्लोरीन असतं. दिवसभर भांड्यात उघडं ठेवा, मग टाका.

आता आमच्या घरात भांडं म्हणजे काय?

तांब्याचा हंडा. चिंचेने घासून लख्ख केलेला. पाहुण्यांना ज्यातलं पाणी देतो, तोच.

मासे मेले.

पुन्हा आणले. पाणी बदललं की पंख अंगाशी चिकटवून कोपऱ्यात बसायचे, खाणं सोडायचे, मग वर तरंगायचे. मोठी आई बिचारी हंडा अजून जोरात घासायची. मासे अजून लवकर मरायचे.

शेजारी बोलायला लागले की या घराला मासे लाभत नाहीत. मोठ्या बाबांनाही ते पटलं. टाकीत एकच गौरामी मासा उरला होता. हा मेला की टाकी भंगारात, असं त्यांनी जाहीर केलं. आणि आमच्या दुकानात भंगारवाल्याची रोजची ये-जा, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती.

मोठी आई भांडली नाही. टाकीसमोर पाट टाकून बसली आणि बघत राहिली.

तिच्या एक गोष्ट लक्षात आली. एकोडीच्या बोडीतून तिने पाणवनस्पती आणली होती, तिच्यासोबत बारक्या गोगलगायी आल्या होत्या. माशांच्याही आधी त्या मेल्या होत्या. बोडीच्या चिखलात मजेत जगणाऱ्या गोगलगायी आमच्या चकचकीत पाण्यात मेल्या, हे तिला काही केल्या पटेना.

तिने माहेरहून अजून गोगलगायी मागवल्या. लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या धुतल्या. एकीत हंड्यातलं पाणी, दुसरीत प्लास्टिकच्या बकेटीत ठेवलेलं. नळ तोच.

बकेटीच्या पाण्यातल्या गोगलगायी शिंगं काढून काचेवर चढल्या. हंड्याच्या पाण्यातल्यांनी शंखाची दारं लावून घेतली ती उघडलीच नाहीत.

दोन्ही बरण्या घेऊन ती जिना उतरली आणि भर गिऱ्हाइकीत दुकानाच्या काउंटरवर ठेवल्या.

"माशे मी नाही मारले. तुमच्या हंड्यानं मारले."

मोठे बाबा म्हणाले, "तांब्याचं पाणी तं अमृत असते."

"माणसाले असन. मासोळीले जहर हाये."

समोरचं गिऱ्हाईक हंडाच घ्यायला आलं होतं. घेऊन गेलं, पण बरण्यांकडे मागे वळून बघत.

त्या दिवसापासून टाकीसाठी बकेट. पाणी थोडं थोडं बदलायचं, एकदम सगळं नाही. खाणं चिमूटभर, लगेच संपेल तेवढंच. आणि मरायला टेकलेल्या त्या गौरामीने पंख पसरले, राव! टाकीभर फिरायला लागला. त्याला जोडीदारीण आणली.

एका सकाळी पाण्यावर फेस दिसला. माझी आई घाण समजून चहाची गाळणी घेऊन धावली. मोठ्या आईने तिचा हात धरला.

"हात नोको लावू. घर बांधून राहिला तो."

खरंच होतं. गौरामीचा नर तोंडाने बुडबुडे सोडून घरटं बांधतो. अंडी त्यात ठेवतो, खाली पडलेलं तोंडात धरून परत वर नेतो. मोठे बाबा खुर्ची घेऊन पहाऱ्याला बसले. भंगारवाल्याला जिना चढायचीच बंदी.

पिल्लं झाली. किती, ते मोजायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

मासे लाभत नाहीत म्हणणारे सगळे पिल्लं मागायला रांगेत. न्यायला आलेल्याच्या हातात तांब्याचा लोटा दिसला की मोठी आई त्याला दारातूनच डबा आणायला पाठवायची. त्या पिल्लांची खानदानं आज करडी, दिघोरीपर्यंत पोचली आहेत. आणि मोठे बाबा हंडा विकताना न विचारता सांगायचे, "प्यायले एक नंबर. मासोळ्याईले नोको."

मी आयुष्यात कोणाला इतकं शांतपणे जिंकताना पाहिलं नाही. मला तिचा फार फार अभिमान आहे.

आज सकाळी घर माणसांनी भरलं होतं. मोठे बाबा भिंतीला टेकून बसले होते. पहाटेपासून एक शब्द नाही. ती दवाखान्यात होती तेव्हापासून टाकीचं पाणी खाली गेलेलं. माझ्या आत्याला ते दिसलं. तिने भरलेला हंडा उचलला आणि टाकीवर वाकवला.

मोठे बाबा बोलले.

"त्यातलं नोको. बकेटीतलं घे."

मग स्वतः उठले, बकेट आणली आणि हळूहळू पाणी सोडलं. मासे सगळे पंख पसरून वर आले.

जा मोठी आई, निवांत जा. पाण्याचं आता ते बघतात.